दाराखालचा साप

थंड देशांतले लोक दाराखिडक्यांच्या फटी बुजवतात त्या घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. माझ्या वडिलांनी सिंगापुरात, जिथे आंघोळ करून निघालेला माणूस लिफ्टपर्यंत पोचेतो घामाने पुन्हा न्हाऊन निघतो, तिथे घरातल्या फटी बुजवल्या, त्या गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. तत्त्व एकच आहे, असं ते म्हणत. असेलही. पण थंड देशात त्यापायी घरमालकीणबाई कोंडल्या गेल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, आणि मी बरंच वाचते.

बाबा मरीन इंजिनिअर होते. माझ्या लहानपणी ते वर्षातले बरेचसे महिने बोटीवर असायचे आणि घरी आले की पाहुण्यासारखे वागायचे. पाणी प्यायचं तरी कुठला ग्लास घेऊ म्हणून विचारायचे. त्यामुळे मीही त्यांना अहो-जाहोच करत राहिले. मी ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी मात्र बोटींच्या धंद्यात मंदी होती. सुट्टी संपली, तरी कंपनीचा फोन आला नाही. बाबांनी पुढच्या बोटीसाठी नारिंगी रंगाचा नवा कोरा बॉयलर सूट, इंजिनखोलीत घालायचा अंगभर पोशाख, घेऊन ठेवला होता. तो कपाटात घडी करून, पिशवीसकट, वाट बघत होता. आई पाया लेबारच्या एका ऑफिसात नोकरी करायची. तिच्याच वर्क पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आम्ही इथे होतो. सकाळी ती आणि मी घराबाहेर पडायचो आणि पासिर रिसच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बाबा एकटे उरायचे. एका मोठ्या जहाजाचं इंजिन ज्यांच्या हाताखाली होतं, त्यांच्या हाताखाली आता एक मिक्सर, एक राइस कुकर आणि खोल्यांतले एसी एवढीच यंत्रं होती. मिक्सर त्यांनी पहिल्याच आठवड्यात उघडून साफ केला. राइस कुकर दुसऱ्या. मग ते एसीकडे वळले.

निमित्त विजेच्या बिलाचं झालं. आईने ते फ्रिजला चुंबकाने लावलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही दिवसभर घरी असता ना, म्हणून वाढलंय. बाकी काही नाही." ती हे सहज म्हणाली. बाबांनी ते सहज घेतलं नाही. ते बिलासमोर बराच वेळ उभे राहिले आणि जाहीर केलं, "वीज जास्त लागत नाहीये, नीला. गळती आहे. हे घर गळतंय."

त्या दिवसापासून गळतीचा शोध सुरू झाला. बाबांनी देवघरातला उदबत्त्यांचा पुडा उचलला. पेटलेली उदबत्ती घेऊन ते दाराखिडक्यांच्या कडांवरून इंच इंच पुढे सरकत, आणि जिथे धूर वाकडा होई तिथे खडूने फुली मारत. खिडकीच्या चौकटीला वीस फुल्या, कपाटाच्या मागे चार, किल्लीच्या भोकाला एक. समोरच्या फ्लॅटमधल्या तमिळ काकूंना उघड्या दारातून हे दिसायचं. त्यांनी एकदा लिफ्टमध्ये आईचा हात धरून सांगितलं, "तुमच्या मिस्टरांसारखा भक्तिमान माणूस मी पाहिला नाही. भिंतीलासुद्धा उदबत्ती ओवाळतात." आईने मान डोलावली. तिने हे आम्हाला सांगितलं तेव्हा बाबा उदबत्ती घेऊन स्टुलावर उभे होते. ते वरूनच म्हणाले, "हसू नका. धूर हलतो."

फुल्या मारून झाल्यावर बुजवणं सुरू झालं. आमच्या ब्लॉकखाली एक हार्डवेअरचं दुकान होतं. तिथून स्पंजच्या चिकटपट्ट्या आल्या. त्या संपल्यावर आईच्या जुन्या सुती साडीच्या वळकट्या आल्या. खिळ्यांच्या जुन्या भोकांत टूथपेस्ट गेली. किल्लीच्या भोकात देवाच्या कापसाची वात गेली, आणि मग संध्याकाळी समईला वात मिळेना म्हणून आईचं आणि बाबांचं जे भांडण झालं ते सगळं कुजबुजत झालं, कारण भांडणाचं कारण मोठ्याने उच्चारायची दोघांनाही लाज वाटत होती. घरातली सगळ्यात लहान म्हणून मधली खोली निवडण्यात आली. एसी फक्त तिथेच लागणार, आणि जे काही करायचं ते सगळ्यांनी तिथेच करायचं. मी तिथे अभ्यास करायचे, आई तिथे इस्त्री करायची, तिघं तिथे मांडी घालून जेवायचो. फोडणीचं काही आत आणायला बंदी होती. आमटी दाराबाहेर निवायची, वास जाईपर्यंत, आणि मग आत यायची ती एसीत आणखी निवायला. त्या वर्षी मी गरम आमटी खाल्ल्याचं मला आठवत नाही.

सगळ्यात मोठी गळती दाराखाली होती. दार आणि फरशी यांच्यामध्ये चांगली दोन बोटं फट होती. बाबांनी आधी फरशीवर, दाराच्या आतल्या बाजूला, बोटभर उंचीची एक लाकडी पट्टी चिकटवली. बोटीवरच्या दारांना तसा उंबरठा असतो, लाट आत येऊ नये म्हणून. दार आत उघडताना त्या पट्टीवरून अलगद जायचं. पट्टी आणि दार यांच्या मधल्या खाचेत ठेवायला एक लांब गादीसारखी गुंडाळी हवी होती. बाबांनी तिला नाव दिलं साप. सापाचं कातडं कुठून आलं हे तेव्हा आम्ही विचारलं नाही, कारण बाबांनी त्यावर आईच्या साडीची खोळ चढवली होती. पोटात काय भरायचं, यावर मात्र चर्चा झाली. बाबांना समुद्रकिनाऱ्यावरची वाळू हवी होती. आई म्हणाली, "इथे वाळू उचलली तर दंड होईल. पोलिसांना काय सांगणार, साप करतोय?" तांदळाला तिने हात लावू दिला नाही. उरले मूग. लिटल इंडियात सवलतीत मिळाले म्हणून तिने मोठं पोतं घेतलं होतं आणि मी आणि बाबा मूग म्हटलं की तोंड फिरवायचो. बाबांनी भराभर ओंजळी भरून साप गच्च केला, बोटीवर ताडपत्री शिवायच्या जाड सुईने तोंड शिवलं आणि त्याला पायाने खाचेत दाबलं. उदबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. बाबांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यानंतर फक्त एकदाच पाहिला, माझ्या पदवीच्या दिवशी, आणि तेव्हाही तो थोडा कमीच होता.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बाबांची एक आवडती कथा होती, मी तान्ही असल्यापासून ऐकलेली. तांदूळ भरून निघालेल्या एका बोटीला वाटेत बारीक भोक पडलं. भोक इतकं लहान की बोट बुडायचं कारण नव्हतं. पण पाणी तांदळाला लागलं, तांदूळ फुगला, आणि फुगत फुगत त्याने बोटीचे पोलादी पत्रे आतून उसवले. "लाटेने नाही गेली," बाबा बोट वर करून म्हणायचे, "भाताने गेली." ही कथा ते सापाच्या पोटात मूग भरतानासुद्धा सांगत होते. मी, जी पुस्तकातल्या गुन्हेगाराला तिसऱ्या प्रकरणात ओळखायची, ती शेजारी बसून सुईत दोरा ओवत होते. मलाही काही सुचलं नाही.

घरमालकीण लिमआँटींचा फोन आला तो याच सुमारास. भाडेकरार संपत आला होता. त्यांच्या मुलाच्या मते फ्लॅट विकून टाकायला हवा होता. आँटी म्हणाल्या, शनिवारी येते, घर कसं ठेवलंय बघते, मग ठरवते. फोन ठेवून आईने शांतपणे वुडलँड्सच्या फ्लॅटच्या जाहिराती बघायला सुरुवात केली, कारण तिथे भाडं कमी होतं. माझ्या दृष्टीने वुडलँड्स म्हणजे पृथ्वीचं टोक. माझी शाळा इथे होती, स्टेशनजवळच्या मॉलमधल्या वाचनालयात खिडकीशी माझी खुर्ची होती, आणि मी अशी मुलगी होते जिला एक खुर्ची आपली वाटायला तीन वर्षं लागतात. आई जाहिराती मोठ्याने वाचायची आणि मी पुस्तकात तोंड खुपसून एकही ओळ पुढे सरकत नसे. बाबा म्हणाले, "आँटींना मधल्या खोलीत बसवू. घर किती जपलंय हे त्यांना कळेल." आई म्हणाली, "भिंतीला खिळा मारायचा नाही, असं करारात लिहिलंय. आणि तुम्ही फरशीला अख्खा उंबरठा चिकटवलाय."

"खिळा कुठे मारलाय? चिकटवलाय."

"निघेल?"

बाबांनी पट्टीवर अंगठा दाबून बघितला. "बोटीवरचा गम आहे तो, नीला," ते म्हणाले.

शनिवारी सकाळी लवकर उठून बाबांनी शेवटची फट बुजवली. एसीशेजारून दोन पांढऱ्या नळ्या भिंतीत जायच्या. एक चालू एसीचं पाणी बाहेर नेणारी, दुसरी पूर्वीच्या एसीची, नुसतीच राहून गेलेली. बाबांनी त्या राहून गेलेल्या नळीत पुट्टी ठासून भरली. निदान त्यांना तसं वाटलं. मग खोली छान गार व्हावी म्हणून एसी सुरू करून ठेवला. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती. ते भिंतीवरून गुपचूप उतरलं, कपाटाच्या मागून गेलं, आणि भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत पोचलं. तिथे मूग होते.

अकरा वाजता लिमआँटी आल्या. सत्तरीच्या, बारीक, फुलाफुलांचा ब्लाउज, हातात छत्री आणि संत्र्यांची पिशवी. बसस्टॉपपासून उन्हात चालत आल्यामुळे त्या लालबुंद झाल्या होत्या. बाबांनी त्यांना थेट मधल्या खोलीत नेलं, आम्हालाही आत घेतलं, दार लावलं आणि साप पायाने खाचेत दाबला. "आज अगदी घट्ट बसलाय," ते माझ्याकडे बघून समाधानाने म्हणाले.

"वा," लिमआँटी म्हणाल्या, "सो कोल्ड, अह!" त्यांनी बाबांच्या वेताच्या खुर्चीत अंग टाकलं. मग त्या खोलीभर नजर फिरवत बोलू लागल्या. त्यांची चारही मुलं याच खोलीत वाढली. एक पंखा होता, तोही मधेच बंद पडायचा. घामाने चादरी पिळून काढाव्या लागत. एसी नंतर भाडेकरूंसाठी बसवला, स्वतः कधी लावून बघितला नाही. बाबांनी प्रतिष्ठितपणे घसा साफ केला आणि ते गळती, दाब आणि हवेचे प्रवाह यांवर बोलायला लागले. तिसऱ्या वाक्याला आँटींचे डोळे मिटले. पाचव्याला त्या घोरू लागल्या.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. "उठवू?" आईने ओठांनी विचारलं. बाबांनी जोरात मान हलवली. दमून झोपलेल्या वयस्कर बाईला उठवायचं नसतं, हे आम्हा तिघांनाही पटलेलं होतं. आणि जिच्या हातात आपलं घर आहे तिला तर नाहीच. दारही उघडायचं नाही, कारण त्याचा आवाज व्हायचा. आम्ही खाली फरशीवर बसलो. आईने इस्त्रीच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. मी भूगोलाचं पुस्तक उघडलं. बाबांच्या पोटात भुकेने इतका मोठा गुरगुराट झाला की आईने त्यांच्या पोटावर उशी दाबून धरली.

"अहो, मला वाटलं खोलीत आणखी कुणी आहे," ती पुटपुटली.

"मी आहे ना."

"तुम्ही नाही. ते पोटातलं."

बारा वाजून गेले. एक वाजला. दाराकडून मधूनच बारीक आवाज यायचा, कर्रर्, मग शांतता, मग पुन्हा कर्रर्. मला वाटलं गारव्याने लाकूड आखडतंय. आईने पाय पसरले आणि एकदम आखडून घेतले. "फरशी ओली कशी?" तिने विचारलं. मी फरशीकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग दाराकडे. साडीची खोळ टरारून फुगली होती, तिच्यावरची फुलं ताणून मोठी झाली होती, आणि दाराखाली जी दोन बोटं फट होती तिथे आता केससुद्धा गेला नसता.

"बाबा," मी म्हणाले, "भाताची बोट."

बाबांचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. त्यांनी आधी सापाकडे बघितलं, मग नळ्यांकडे, मग कुठली नळी कुठली होती याचा हिशोब मनात उलटा केला, आणि माझ्या शूर, हुशार बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते रडताहेत असं मला वाटलं. ते हसत होते.

नेमक्या त्याच वेळी लिमआँटी जाग्या झाल्या. त्यांनी डोळे चोळले, घड्याळ बघितलं, ताडकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "टॉयलेट!"

बाबांनी मूठ फिरवून दार ओढलं. दार हललं नाही. त्यांनी भिंतीला पाय लावून ओढलं. मूठ किंचित हलली, दार नाही. खालून मुगांनी दार असं धरलं होतं की जणू ते त्यांचंच होतं, आणि पुढून तो बोटीवरच्या गमचा उंबरठा त्यांना सरकू देत नव्हता. आई म्हणाली, "फोन करा कुणाला तरी."

"कुणाला करू? काय सांगू?"

"सांगा, मुगांनी कोंडलंय."

आँटी एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होत्या. "फास्ट, फास्ट, लाह!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी छत्रीची दांडी सापात खुपसून बघितली. दांडी वाकली.

कात्री स्वयंपाकघरात होती. माझ्या दप्तरात कागद कापायची छोटी कात्री होती, ती मी काढून दिली. बाबांनी साडीची खोळ टराटरा कापली आणि थांबले. खोळीखाली नारिंगी कापड होतं. जाड, कोरं, वर चमकती रुपेरी पट्टी. बॉयलर सूटचा एक अख्खा पाय.

आई ते बघत राहिली. "हा तो नवा ना?" तिने विचारलं. "पुढच्या बोटीसाठी आणलेला?"

"लागणार नव्हता," बाबा म्हणाले. "पडूनच होता."

एवढं बोलून ते खाली बघत राहिले. आँटींची घाई, ओली फरशी, वुडलँड्स, सगळं क्षणभर थांबलं. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की बाबा फटी शोधताहेत ते वीज वाचवायला. आईने त्यांच्या हातातून कात्री काढून घेतली. "शिवणीवरून कापते," ती म्हणाली. "कापडाला लावत नाही. पुन्हा शिवता येईल." आणि लिमआँटी टाचा आपटत असताना, त्या इवल्याशा कात्रीने, तिने जाड दोऱ्याचा एकेक टाका उसवायला घेतला. "आई, लवकर!" मी म्हणाले. ती म्हणाली, "होतंय." कापडाला एकदाही कात्री लागली नाही. शेवटचा टाका सुटला आणि फुगलेले हिरवे मूग भसाभसा बाहेर आले. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून ते माझ्या भूगोलाच्या पुस्तकाने बाजूला ओढू लागलो. आँटीही वाकल्या आणि त्यांनी छत्रीने ओढले. दार उघडलं. लिमआँटी त्या वयाच्या बाईला शोभणार नाही अशा वेगाने गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा आम्ही दारात ओळीने उभे होतो. आता त्यांना सगळंच दिसत होतं: उंबरठा, स्पंजच्या पट्ट्या, भिंतीतली टूथपेस्ट, किल्लीच्या भोकातली वात, आणि खडूच्या असंख्य फुल्या. त्यांनी एक ओला मूग उचलला, बोटांत दाबला आणि बाबांकडे बघितलं. "यू इंजिनिअर, अह?" बाबांनी मान खाली घातली. "देन व्हाय नेव्हर पुट प्लास्टिक बॅग इनसाइड?"

बाबा खाली बसून मूग गोळा करू लागले.

लिमआँटी पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांचं पुढचं बोलणं मी माझ्या भाषेत सांगते, कारण त्या भराभर बोलल्या. मुलाला घर विकायचंय, त्याला त्याची घाई. या खोलीत त्यांनी चार मुलांना वारा घालत किती वर्षं काढली, पण या खोलीत त्या आज पहिल्यांदा झोपल्या. करार दोन वर्षं वाढवायला त्यांची हरकत नव्हती. भाडं तेच. फक्त एक अट: दर शनिवारी दुपारी त्या इथे येऊन दोन तास झोपतील. "कॅन?" त्यांनी विचारलं, म्हणजे चालेल ना.

"कॅन," बाबा म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि मग पाय धुतले, कारण बोटांमध्ये मूग होते.

मूग आईने फेकू दिले नाहीत. बाबांनी ते सात पाण्यांनी धुतले, फडक्यात बांधले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना असे लांब मोड आले की पुढचे चार दिवस आम्ही उसळ खाल्ली. लिमआँटींनाही डबा गेला. तिखट फार आहे, असा निरोप आला, आणि रिकामा डबा परत आला. पाय आईने बॉयलर सूटला पुन्हा शिवला. गुडघ्याच्या मागे मुगाचा हिरवा डाग राहिला तो कधी गेला नाही. पुढे कंपनीचा फोन आला तेव्हा बाबा तोच सूट घेऊन गेले. बोटीवर डागाबद्दल कुणी विचारलं तर काय सांगता, असं मी एकदा विचारलं होतं. "सांगतो, साप चावला," ते म्हणाले. नवा साप वाळूचा होता. वाळू हार्डवेअरच्या दुकानातली, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन गाठी. बिल पुढे कमी झालं का, असं कुणी विचारलं की आई विषय बदलते.

करार पुन्हा पुन्हा वाढत गेला. मी हे त्याच मधल्या खोलीत बसून लिहिते आहे, हळूहळू, कारण बाबा वारल्यापासून मला भराभर काही करता येत नाही. उंबरठा अजून निघालेला नाही. आता कुणाला काढायचाही नाही. बाबांना जाऊन आठवडा झाला होता तेव्हा शनिवार आला आणि लिमआँटी आल्या, काठी टेकत, संत्र्यांची पिशवी घेऊन. मी एसी लावला, त्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं. आई पलंगावर बसली, मी तिच्याजवळ टेकले. किती दिवसांत आम्ही दोघी धड झोपलो नव्हतो. नंतरचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते. आई माझ्या खांद्यावर घोरत होती. लिमआँटी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळे उघडे, काठी मांडीवर आडवी, आवाज होऊ नये म्हणून. मी काही म्हणायच्या आत त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आईकडे खूण केली. मग सावकाश पाय पुढे केला आणि दाराखालचा साप खाचेत नीट दाबला.